पहिली सही शेजाऱ्याची

बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस त्याचं उत्तर मी दोन वाक्यांत देऊन टाकलं आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुझ्या आईनं वाटणीच्या वेळी काळं वावर भावांना सोडून गायरानाला लागून असलेली ही 22 एकर बरड मागून घेतली होती. लहानपणी ती तिथं शेळ्या वळायची. आता तू म्हणतोस, मामा, मी तिथं काही पेरणार नाही. हरणं, रोही, लांडगे, तितर, जे आहे ते राखतो, चार खोल्या बांधतो, लोकांना बोलावतो, आणि स्कॉटलंडमधल्या इस्टेटींना मिळतं तसं चांगल्या वन्यजीव व्यवस्थापनाचं मानांकन आपल्या माळाला मिळवतो. माझ्या बहिणीच्या जमिनीसाठी याहून चांगलं मला सुचलं नसतं. म्हणून वनखात्याच्या नोकरीभर माळ तुडवून जे हाती लागलं ते कागदावर उतरवतोय. फोनवर बोलताना माझं निम्मं राहून जातं.

तू पाठवलेलं मी सूनबाईकडून दोनदा वाचून घेतलं. तिकडे शिकार हा जमिनीच्या मालकाचा हक्क. हजारो एकरांची इस्टेट, पगारी राखणदार, लाल हरणं, तितरासारखा ग्राउस पक्षी. किती मारायचे, किती राखायचे आणि बाकीच्या जीवांसाठी जमीन कशी ठेवायची याचा हिशेब नीट ठेवणाऱ्यांना 2010 पासून ‘वाइल्डलाइफ इस्टेट्स स्कॉटलंड’ नावाचं मानांकन मिळतं. त्यातल्या दोन पायऱ्या मला फार पटल्या. पहिल्या पायरीला मालक फक्त सही करतो, की हे नियम मला मान्य आहेत. दुसऱ्या पायरीला पुरावा मागतात. आराखडा दाखव, गणनेच्या नोंदी दाखव. बाहेरचा माणूस येऊन तपासतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिल्या पायरीलाच हार-तुरे होतात आणि दुसरी पायरी कुणी चढत नाही. तू दुसरीपासून सुरुवात कर.

पण आधी कायदा डोक्यात पक्का बसव. आपल्याकडे शिकारीची इस्टेट होऊच शकत नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा काही प्राण्यांची परवान्यावर शिकार चालायची. 1991 च्या दुरुस्तीनं तीही बंद झाली. काळवीट, चिंकारा, मोर हे पहिल्या अनुसूचीतले. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत. पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही-डुकराला मारण्याची लेखी परवानगी कलम 11 खाली अधिकारी देऊ शकतो. तरी मारलेलं जनावर कलम 39 प्रमाणे सरकारचं, ना तुझं ना शेजाऱ्याचं. तुझ्या सातबाऱ्यावर माती तुझी आहे, तिच्यावर उभं असलेलं हरण नाही. पाहुण्यांना खोली देताना हे पहिल्या दिवशी सांगायचं. ‘एखादा ससा चालेल का’ असं विचारणारा पाहुणा येतोच. त्याला चहा पाजून परत पाठव आणि त्याचं नाव लिहून ठेव.

एकट्या मालकानं रान राखण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असं मात्र नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींचं दाजीपूरचं रान शिकारीसाठी राखीव होतं, म्हणूनच ते टिकलं, आणि 1958 मध्ये तिथं राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. त्याच कोल्हापूरकरांकडे काळविटांवर सोडायला पाळलेले चित्ते होते. माळ राखणाऱ्यालाही हे दोन्ही लक्षात ठेवावं लागतं, कारण हौसेनं राखलेलं रान टिकलं आणि हौसेनंच चित्ता संपवायला हातभार लावला. 1952 मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. तो कुनोत परत आणला गेला 17 सप्टेंबर 2022 ला. त्या दिवशी हिंगोलीत आम्ही मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून आलो होतो आणि टीव्हीवर आफ्रिकेतून आलेले चित्ते पिंजऱ्यातून बाहेर पडताना दिसले. मला तुझ्या बरडीचीच आठवण झाली. चित्ता जंगलात धावत नाही, त्याला असाच माळ लागतो.

आता मूळ गोष्ट. स्कॉटलंडमधल्या इस्टेटीवर हरणाला चरायला हजारो एकर असतात. तुझी 22 एकर म्हणजे हरणाच्या एका सकाळची चाल. तुझ्या माळावर ते दिवसा बसणार, रवंथ करणार, पाडस लपवणार, आणि अंधार पडला की शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये जाणार. तू ज्याला राखशील तो दुसऱ्याच्या ताटात जेवेल. त्यामुळे तुझं व्यवस्थापन चांगलं की वाईट हे तुझ्या माळावर उभं राहून कळणार नाही. चारही धुऱ्यांच्या पलीकडं जाऊन बघावं लागेल. कोणतंही मानांकन मागण्याआधी त्या चौघा शेजाऱ्यांची सही घे. कागदावर घे किंवा नको घेऊस, पण तुझ्या माळामुळे आमचं वाईट झालं नाही असं त्यांनी आपण होऊन म्हटलं पाहिजे. बाकीचं सगळं मी याच एका गोष्टीसाठी लिहितोय.

नुकसान वर्षभर सारखं होत नाही, हे शहरात राहून तुझ्या लक्षात आलं नसेल. सोयाबीन उगवून दोन पानांवर येतं ते 10-15 दिवस हरणांचा कळप एका रात्रीत एकराचे शेंडे खुडतो. पुन्हा पेरायची तर बियाणं, मजुरी, आणि पाऊस निघून गेलेला. दुसरी वेळ हरबऱ्याला घाटे भरतात तेव्हाची, पौष-माघातली. तेव्हा रोही येतो आणि जितकं खातो त्याहून जास्त तुडवतो. डुक्कर भुईमूग, मका, ऊस आणि काढणीला आलेल्या सोयाबीनला. म्हणजे वर्षातल्या 40-45 रात्री खऱ्या धोक्याच्या. तेवढ्या रात्री तू जागल लाव. तुझ्या माळावर नाही, शेजाऱ्यांच्या वावरात, तुझ्या पैशानं. गावातली चार पोरं, दोन बॅटऱ्या, एक डबा वाजवायला. खोलीच्या भाड्यातला पाचवा हिस्सा यासाठी बाजूला काढायचा असं मी मनात धरलं आहे. तो हिस्सा काढून परवडत नसेल तर खोल्या बांधूच नकोस.

धुऱ्यावर करडईच्या चार-सहा ओळी घालायला शेजाऱ्यांना बी दे. आपल्या आजोबांच्या काळात ज्वारीच्या वावराला करडईचा काठ असायचा, तो हौसेनं नव्हता. करडई काट्यावर आली की जनावर आत शिरायला कचरतं. सोयाबीन आलं आणि तो काठ गेला. हळद हाही एक मार्ग आहे. रोही-हरणं हळदीच्या पानाला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ज्याच्याकडे पाणी आहे त्याला तुझ्या हद्दीकडच्या बाजूला हळद घ्यायला सुचव. हळदीवरून आठवलं. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ना? ते एका शेतकऱ्याच्या नावावर नाही. त्या मातीत जो पिकवतो आणि नियम पाळतो तो नोंद करून ती खूण वापरू शकतो. तुझ्या माळाची खूण अशी असावी असं मला वाटतं. ‘अमक्याची इस्टेट’ म्हणून पाटी लागली तर शेजारी ती वाचून मान फिरवतील.

तरीही नुकसान होणार. झालं की त्या घरातला माणूस आधी तुझ्याकडे येईल, चिडलेला असेल. वाद घालू नकोस. त्याच्यासोबत वावरात जा, फोटो काढ, पावलं आणि लेंड्या दिसतील त्यांचेही काढ, आणि तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज जाईल एवढं बघ. सातबारा, पेऱ्याची नोंद, बँकेचं पासबुक हे त्याच्याकडे तयार नसतं. तू चौघांच्याही प्रती एका फाइलमध्ये आधीच लावून ठेव. पंचनाम्याआधी वावर नांगरू देऊ नकोस. शेळी-वासरू लांडग्यानं किंवा बिबट्यानं मारलं असेल तर ते पडलं तिथून हलवायचं नाही. मी नोकरीत असताना एका म्हाताऱ्या बाईचा अर्ज एका कार्यालयात महिनोन्महिने पडून राहिला, आणि पुढच्या वर्षी तिच्या लेकानं धुऱ्याला तार लावली. कागद वेळेवर फिरला असता तर ती तार लागली नसती, हे मी कधी विसरलो नाही.

त्या तारेचं बोलतो. खांबावरून आकडा टाकून धुऱ्याला सोडलेला करंट डुक्कर मारतो तसाच माणूसही मारतो. रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला निघालेला शेतकरी, पाणी द्यायला आलेला सालगडी, पांदणीनं येणारी पोरं. मी अशा तीन पंचनाम्यांना उभा राहिलो. तिन्ही वेळा तार लावणारा आणि मेलेला एकमेकांचे नातेवाईक होते. बॅटरीवरचं झटका मशीन निराळं असतं. ते सेकंदाला साधारण एक, अगदी क्षणभराचा ठोका देतं. जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. पण ते खरं मशीन असलं पाहिजे. बाजारात कुणी ‘घरीच जोडून देतो’ म्हणालं तर घ्यायचं नाही. तारेखालचं गवत दर आठवड्याला कापावं लागतं, नाहीतर ओल्या गवताला लागून झटका जमिनीत उतरतो आणि लोक म्हणतात मशीन बोगस. चार धुऱ्यांवरच्या झटका मशीनचा निम्मा खर्च तू उचल, पण अट घाल की ब्लेडची तार कुणी लावणार नाही. ब्लेडमध्ये अडकलेल्या काळविटाचं पोट मी पाहिलं आहे.

आणि एखाद्या शेजाऱ्यानं रोही किंवा डुकरासाठी कायद्यानं परवानगीचा अर्ज केला, तर तू आड येऊ नकोस. तुला ते बरं वाटणार नाही. पण त्यानं लपून फासे लावावेत की उघड अर्ज करावा, यातलं दुसरं केव्हाही चांगलं. तू फक्त तुझ्याकडचा आकडा पुढे ठेव.

आकडा म्हणालो, तर नोंदवहीकडे येऊ. गणना करायची तर तीच वाट, तीच वेळ, महिन्याची तीच तिथी. सूर्य उगवताना चाल, वारा तोंडावर घेऊन. कळप दिसला की नुसतं ‘हरणं 27’ लिहू नकोस. मोठे काळे नर किती, तपकिरी पोरसवदा नर किती, माद्या किती, पाडसं किती. एकूण आकडा शेजारच्या माळावरून कळप आला की वाढतो आणि गेला की कमी होतो. त्यावर कधी विश्वास ठेवू नकोस. दर 10 माद्यांमागे पाडसं किती टिकली हे बघ, त्यावरून माळाची तब्येत कळते. काही दिसलं नाही तर शून्य लिही आणि खाली सही कर. कोऱ्या दिवसाचा शून्य लिहिणारा माणूस मला एकूण आकडे फुगवणाऱ्या दहांपेक्षा जवळचा वाटतो. उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री खात्याचे लोक मचाणावर बसून पाणवठ्यावरची गणना करतात. त्या रात्री तूही तुझ्या पाण्यावर बस आणि गावातली दोन माणसं बरोबर घे, म्हणजे आकड्याला साक्ष राहील. रोही एकाच जागी लेंड्या टाकतो, ते ढीग नकाशावर मांड. जिथं नवा ढीग दिसला तिकडून तो यायला लागला असं समज, आणि जागलीची पोरं तिकडं हलव.

आता गवत. इथं माझं जरा लांबेल, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. पहिली चूक म्हणजे झाडं. तू माळ राखायला घेतलास हे कळलं की वाढदिवसाला रोपं घेऊन लोक येतील. शाळेची सहल येईल, बॅनर लावून शंभर खड्डे खणतील. गोडीनं नाही म्हण. काळविटाला दूरवर दिसावं लागतं. धोका दिसला की धावायला मोकळी जागा लागते. दाट झाडीत ते थांबत नाही. जमिनीवर अंडी घालणारे चंडोल, पाखुर्डी, टिटवी यांना झाड म्हणजे कावळ्याचं आणि शिक्र्याचं मचाण. बरडीवर मुळात जी बोर, हिवर, बाभूळ विखरून आहे तेवढी पुरे. सलग चर खणून देतो म्हणून कुणी यंत्र घेऊन आलं तर त्यालाही वरच्या पठारावर येऊ देऊ नकोस. नाल्याच्या काठाला काय ते करू दे. सरकारी कागदावर ही जमीन ‘पडीक’ लिहिलेली असते, आणि त्या एका शब्दानं आपल्या भागातले माळ जितके संपवले तितके कुऱ्हाडीनं संपवले नसतील.

तुझ्या बरडीवर वरच्या बाजूला पवन्या आणि मारवेल अजून आहे, मी मागच्या दिवाळीत बघून आलो. खालच्या बाजूला नुसतं कुसळ. कुसळ वाढलं याचा अर्थ तिथं फार चराई झाली, चांगलं गवत बी धरायच्या आधीच खाल्लं गेलं. दोन वर्षं खालचा तुकडा बंद ठेव. कुंपण न घालता, गुराख्यांशी बोलून. त्यांच्या गुरांना बदल्यात वरच्या तुकड्यातलं कापलेलं गवत दे. गवत कापायचं ते बी गळून पडल्यावर, कार्तिकात, आणि सगळं नाही. तिसरा हिस्सा होळीपर्यंत उभा ठेवायचा. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतात, घारीपेक्षा सडपातळ, पंख वर धरून गवतावरून तरंगत जातात. त्या रात्री उभ्या गवतात जमिनीवर झोपतात, एकत्र. दिवसा नाकतोडे खातात, म्हणजे शेजाऱ्याच्या पिकाचंच काम करतात. त्याला एखाद्या संध्याकाळी हे दाखव, सांगण्यापेक्षा दिसलेलं लवकर पटतं. गाजरगवत फुलायच्या आत उपट. वेडी बाभूळ लहान असतानाच मुळासकट काढ, नुसती तोडली तर दुप्पट फुटते. जाळायचं मात्र कधीच नाही. फाल्गुनात ‘नवीन गवत चांगलं येतं’ म्हणून काडी लावतात, तेव्हाच पाखुर्डीची अंडी उघड्या जमिनीवर असतात.

पाणी मध्यावर दे, धुऱ्यापासून जितकं लांब जमेल तितकं. उथळ, बशीसारखं, एका बाजूनं उतार असलेलं. उभ्या कडांच्या टाकीत पिलं पडून मरतात. मीठ, पेंड, मका असलं काही टाकायचं नाही. त्यानं पहिल्यांदा डुकरं येतात आणि मग तीच राहतात. पाहुण्यांना जवळून दिसावं म्हणून दाणे टाकणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या गावात पुढं डुकरांचा उच्छाद झाला.

विहीर. तुझ्या आईच्या बरडीच्या कोपऱ्यात ती जुनी विहीर आहे ना, बिनकठड्याची, भोवती घाणेरी वाढलेली. सगळ्यात आधी तिला कठडा. मग चारही शेजाऱ्यांच्या विहिरी बघ. रात्री पळणारं जनावर त्यात पडतं, आणि त्याला काढताना पाणी नासतं, मोटर निघते, भांडण होतं.

कुत्री. गावातली मोकाट कुत्री टोळीनं माळावर येतात आणि पाडसं फाडतात. लांडग्यावर आळ जातो. लांडग्याची पावलं नीट ओळखायला शिक, आणि गावातल्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण यासाठी ग्रामपंचायतीच्या मागं लाग. पिसाळलेलं कुत्रं लांडग्याला चावलं तर गावाला त्याची झळ लागते.

पाडसाचं स्वतंत्र सांगतो, कारण ती माझी चूक होती. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. एका सकाळी गवतात एकटंच पाडस दिसलं, हललंही नाही. मला वाटलं आई मेली. उचलून आणलं, चौकीवर गाईचं दूध पाजलं. चौथ्या दिवशी हगवणीनं गेलं. नंतर एका म्हाताऱ्या फासेपारध्यानं मला सांगितलं की हरणी पहिले आठ-दहा दिवस पाडसाला असंच दडवून लांब चरते आणि फक्त पाजायला येते. ते हलत नाही हीच त्याची राखण. मी त्याला आईपासून तोडलं होतं. तुझ्या प्रत्येक पाहुण्याला खोलीची किल्ली देताना ही गोष्ट सांग. माझं नाव घालून सांगितलीस तरी चालेल.

त्या म्हाताऱ्याला विसरू नकोस, म्हणजे त्याच्या समाजाला. माळाबद्दल मला जे येतं त्यातलं निम्मं खात्याच्या प्रशिक्षणातून आलं आणि निम्मं पारधी-धनगरांकडून. 1871 पासूनच्या कायद्यांनी इंग्रजांनी ज्या पारध्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, त्यांना तितर कुठं अंडी घालतो हे आपल्या अंगणासारखं माहीत असतं. शेजारच्या वाशिम-अकोल्यात फासेपारधी मंडळींनी ‘संवेदना’ संस्थेबरोबर गवताळ माळ राखले आहेत, तणमोरासाठी. पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून उंच उडी मारून मादीला बोलावतो. त्या उडीवरूनच पूर्वी त्याचा माग काढला जायचा. आज तोच माग काढणारे त्याच्यासाठी गवत राखतात. एकदा तिथं जाऊन चार दिवस राहा. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्यही वाशिम जिल्ह्यातच आहे, तेही बघून ये. स्कॉटलंडचं तू वाचलंसच, पण ती माणसं तुझ्याच भाषेत बोलतील. आणि राखणदार ठेवशील तेव्हा पहिली नोकरी पारधी वस्तीवरच्या पोराला दे, पगारावर, पहिल्या तारखेला.

पाहुण्यांबद्दल थोडंच. गाडी पांदणीवरून खाली उतरणार नाही. रात्री बॅटरीचा झोत जनावराच्या डोळ्यात नाही. ड्रोन नाही. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावणं नाही, त्यानं तो अंड्यावरून उठतो. लांडग्याचं बीळ सापडलं तर त्याचा फोटो मोबाइलवर कुणालाही पाठवायचा नाही, मलासुद्धा नाही.

हे सगळं एका छोट्या बरडीसाठी कशाला, असं कुणी विचारेल. टिपेश्वरचा तो वाघ आठवतो? फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच्या गळ्यात पट्टा घातला, जूनमध्ये तो निघाला. तेलंगणाची हद्द ओलांडून, नांदेड, आपली हिंगोली, वाशिम, अकोला करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत 3,000 किलोमीटरांहून जास्त चालला. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. त्या सगळ्या वाटेवर त्याला अभयारण्यं किती लागली? बोटांवर मोजण्याइतकी. बाकी तो चालला तो लोकांच्या कपाशीतून, तुरीतून, नाल्यांतून, तुझ्या बरडीसारख्या पडीक तुकड्यांतून. दिवसा झुडपात पडून राहायचा, रात्री चालायचा. माणसांचा एक घोळका तो पडला होता त्या झुडपात शिरला तेव्हा एक जण जखमी झाला, तेवढंच. मी तेव्हा निवृत्त होतो, पण सेनगावकडून फोन येत होते. प्रत्येकाला मी एकच सांगत होतो, बघायला जाऊ नका, वाट मोकळी ठेवा. त्या वाघाला चालायला जी जागा मिळाली ती कुणीतरी नांगरायची राहिली होती म्हणून.

मानांकनाचं शेवटी. आपल्या देशात इस्टेटीला पाटी देणारी स्कॉटलंडसारखी पद्धत नाही, पण कायद्यात तुझ्यासाठी दार आहे. वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं कलम 36 सी आलं. जो मालक किंवा जे गाव आपण होऊन वन्यजीव राखायला तयार आहे, त्यांच्या जमिनीला राज्य सरकार ‘समुदाय राखीव’ जाहीर करू शकतं. 2022 च्या दुरुस्तीनंतर खाजगी जमिनीवर तसं झालं, तर व्यवस्थापन समितीत मालक, वनखात्याचा माणूस आणि पंचायतीचा माणूस असे बसतात. एक गोष्ट सही करण्याआधी तीनदा वाच: एकदा जाहीर झालं की समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता असल्याशिवाय त्या जमिनीचा वापर बदलता येत नाही. उद्या तुझ्या पोरांना तिथं प्लॉट पाडायचे असतील तर जमणार नाही. मला ते फार आवडतं, पण सही तुझी आहे, बायकोशी बोलून मगच कर. तोवर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जा. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक गावात ती असायला हवी आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बऱ्याच गावांत ती वही कपाटात असते. ती उघडायला लाव आणि तुझ्या गणनेची पानं तिच्यात घाल. खोल्यांसाठी राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी कर, म्हणजे बांधकाम आणि हिशेब सरळ राहतील. तीन वर्षं वही भरली, चार शेजारी बरोबर राहिले, तर समुदाय राखीवचा अर्ज मी स्वतः तुझ्यासोबत घेऊन येईन.

मृगाच्या आधी ये. विहिरीच्या कठड्यासाठी गवंड्याशी बोलून ठेवलंय, विटा तुझ्या. पूर्वेच्या धुऱ्याच्या शेजाऱ्यालाही सांगितलं आहे की भाचा येतोय, बसून बोलायचं आहे. त्याचं मागच्या हरबऱ्याला बरंच नुकसान झालंय, त्याच्याकडे आधी जाऊ. येताना 200 पानी दोन वह्या आण, एक तुला आणि एक त्याच्या पोरीला. ती बारावीला आहे, अक्षर चांगलं आहे, तिकडून पडणारी हरणं ती मोजेल म्हणते.

तुझा मामा